अस्सल नेतृत्व आणि मागचं दार

२ मार्च, बिश्केक
अल्माटीचं 'अस्सल नेतृत्व' शिबिर आटोपून परतलो. सार: नेत्याने खरं बोलावं, खरं ऐकावं, मूल्यांसाठी झळ सोसावी. मी हे जन्मापासूनच करतोय, फक्त नाव माहीत नव्हतं. बायकोला, पेरिझातला, म्हटलं, आजपासून माझ्याशीही बिनधास्त बोल. तिने टेबलावरचा माझा किल्ल्यांचा जुडगा बाजूला सरकवून ताट ठेवलं.

३ मार्च
माझ्या शिवणकारखान्यातल्या सगळ्या बायकांना मशिनी बंद करून गोळा केलं. गरिबीतलं बालपण सांगितलं. रडलो. (वडील डायरेक्टर होते, पण भावना गरिबीचीच होती.) म्हटलं, मनात असेल ते बोला, इथं कुणी साहेब नाही. इस्त्रीखात्याची मुख्य, बुरुलसुनताई, उठली. म्हणाली, साहेब, मागच्या दाराचं कुलूप काढा, आग लागली तर आम्ही कोंबड्यांसारख्या भाजून निघू. मी टाळ्या वाजवल्या. मग इतरांनीही वाजवल्या.

४ मार्च
कुलूप काढणार होतो. पण बायका मागून कापड पळवतात. शिवाय विश्वास ही आतली गोष्ट, दार बाहेरचं. राहू दे.

८ मार्च
महिला दिन. प्रत्येकीला एक ट्युलिप. बुरुलसुनताईने फूल हातात घेऊन सगळ्यांसमोर विचारलं, याने कुलूप उघडतं का हो साहेब? बायका खो खो हसल्या. मीही हसलो. घरी जेवण गेलं नाही.

९ मार्च
राग अजिबात नाही. ताईला कारखान्याच्या मागच्या अंगणातल्या कोळशाच्या शेडवर पाठवलं. तुमच्या विकासासाठी, म्हटलं. ती म्हणाली, साठी आली साहेब, आणखी किती विकसू? कृतघ्न. इस्त्रीखातं जिबेककडे दिलं. नवी मुलगी, गुणी, काही विचारत नाही.

१७ मार्च, दुपार
इस्त्रीखात्यात आग. सर्वांत आधी मी बाहेर पडलो, नेत्याने पुढे असावं. रस्त्यावरून धीराने सूचना दिल्या. बायका धुरामुळे मागच्या दाराकडे धावल्या. दार आतून धडधडत होतं. किल्ली माझ्या खिशात होती, पण अशा वेळी भावनेच्या भरात काही करू नये. बुरुलसुनताईने शेडमधून धावत येऊन बाहेरून पहारीने दार फोडलं. सगळ्या बाहेर आल्या. जिबेक शेवटी. दाराची भरपाई ताईकडून मागणार नाही. मन मोठं हवं.

१९ मार्च
हॉस्पिटल. जिबेकचे दोन्ही हात पट्ट्यांत. यापुढे सुई धरता येणार नाही, म्हणे. फोटोग्राफर सोबत होता. तिला म्हटलं, तुझी वेदना ती माझी वेदना. ती म्हणाली, मग घेऊन जा ना. फोटोत माझे डोळे मिटलेले आले.

२१ मार्च
ऐन नवरोजला तपास अधिकारी घरी. किल्ली कुणाकडे असायची? मूल्यांची खरी परीक्षा! अंतर्मुख होऊन उत्तर दिलं: बुरुलसुनताईकडे. मन हलकं झालं. सणाची खीर दोनदा घेतली.

२४ मार्च
सगळ्या बायकांनी ताईच्या बाजूने जबाब दिले. ते अपेक्षित होतं. पण पेरिझात! ती म्हणाली, किल्ली यांच्याच जुडग्यात असते, रोज जेवताना टेबलावर आपटतात. रस्त्यात विचारलं, का केलंस असं? म्हणाली, तुम्हीच सांगितलंत ना, बिनधास्त बोल. आणि माहेरच्या गाडीत बसली.

२६ मार्च
कोठडी. पट्टा काढून घेतला, वही राहू दिली. आत आम्ही सहाजण. यांना कुणी नेताच नाही, असं सकाळी वाटलं होतं.
आहे.
मी मोरीजवळ झोपतो.