बेंचाच्या टोकाचं दीड इंच

मिस्त्री,

तुमी जाऊन सा वर्सं झाली आणि मी आत्ता लिवतूय. लिवणं काय आपला प्रांत न्हवं, तुमास्नी म्हाईतच हाय. नववीत मास्तरांनी हात टेकल्यावर आमच्या बानं मला तुमच्या दुकानात आणून हुबा केला, तवा तुमी माजी बोटं उलटीपालटी करून बघितलासा आणि म्हणालासा, "बोटं सरळ हाईत. टकुरं तेवढं वाकडं हाय. बघू रंधा मारून." बोटं कामाला आली. टकुऱ्याचं काय जमलं न्हाय. आज लिवायचं कारण म्हंजे जागा. घरमालकीण मावशीच्या पोरानं सांगितलंय, दिवाळीपातूर गोठा, म्हंजे माजं दुकान, मोकळा कर, हितं बिल्डिंग हुनार. म्हंजे मी परत जागा हुडकत फिरतूय. आणि जागा हुडकाय लागलो की तुमी आठवतासा, कारण ह्यो गोठा माज्या आदी तुमी बघितलावता.

उद्यमनगरातलं आपलं दुकान अजून डोळ्यापुढं हाय. गल्लीच्या तोंडाला चहाचा गाडा, मागं फौंड्रीची काळी माती, आणि मधी आपण दोघं लाकडात पंप, पुली, गिअर कोरत बसल्याव. आपण लाकडाचा पॅटर्न करायचा, फौंड्रीवाला त्यो वाळूत दाबणार आणि त्या खड्ड्यात लोखंड वतणार. मी तुमच्या तपकिरीच्या डबीत लाकडाचा भुसा भरलाता, आठवतंय? तुमी चिमूट वडलासा, डोळं मिटलासा, आणि माज्याकडं न बघताच म्हणालासा, "सागवान हाय. लाकूड वळाकलं. घालणारा बी वळाकला." शिंक बी आली न्हाय तुमास्नी. मीच हसून हसून बेंचाखाली.

आणि तुमची ती पट्टी. वतीव लोखंड गार हुताना आटतं, म्हणून पॅटर्न जरा मोठा करायचा, फुटामागं एक सूत, म्हंजे इंचाचा आठवा हिस्सा. त्याला पट्टीच येगळी, तिचा फूटच सुतानं मोठा. कुणाच्या बी दुकानात ती पट्टी कामापुरती खाली काढत्यात. तुमी ती खिशात घालून गावभर हिंडायचासा. खिडकीचा पडदा, देवघराचा पाट, सगळं त्याच पट्टीनं. मी म्हणायचो, "मिस्त्री, तुमचा सदरा बी आटणी धरून शिवलाय काय?" तुमी म्हणायचासा, "सदरा न्हाय रं. तुजा पगार तेवढा आटणी धरून देतूय." एकदा मी साध्या पट्टीनं पंपाचा पॅटर्न केला, त्यो ल्हान आला. तुमी वरडला न्हाईसा. तीन दिवसांचं काम घरी नेऊन बंबात घातलासा आणि मला बोलवून म्हणालासा, "जा, पाणी तापलंय. आंगूळ कर." ती आंगूळ मी केली, मिस्त्री. पाणी लई कडक हुतं.

मग मला मिसरूड फुटली आणि सोताचं दुकान पायजे झालं. तुमी म्हणालासा, "जा की. जागा मिळाली की जा." जागाच तर मिळत नव्हती. उद्यमनगरात गाळ्याचं भाडं ऐकून मीच गाळ्यागत मोकळा व्हायचो. कागलच्या पंचतारांकित एमायडीशीत गेलतो, तितला प्लॉट ह्येवडा, की माजं सगळं सामान कोपऱ्यात ठेवून ऱ्हायलेल्यात कुस्त्यांचं मैदान भरावं. एकानं घराखालची खोली दावली. "पावणं, आवाज किती करणार?" "मामा, करवत आणि रंधा हाय, बँड न्हाय." "भुसा उडंल." "भुसा मी उचलतो." "आणि आमच्या भाच्याला भागीदार करून घ्या." मी चपला घाटल्या. चार म्हैने आसंच. आणि त्याच चार म्हैन्यांत तुमच्या मालकानं तुमास्नी बी सांगितलं, दुकान खाली करा. तुमी कामावरनं सांजच्याला जागा बघाय जायचासा, मी बी जायचो. दोघं बी एकमेकाला सांगायचो न्हाय कुटं जाऊन आल्याव.

पेठेतली मावशी, म्हशी इकून गोठा रिकामा ठेवलेली, तिचं मला चहाच्या गाड्यावर कळलं. मी सायकल काढली आणि गेलो. मावशी दारात शेंगा फोडत बसलीया. गोठा म्हंजे काय, भिंती भक्कम, वर पत्रा, उत्तरंला खिडकी, आणि भाडं आयकून मी दोनदा इचारलं, आसं परवडणारं. मावशी म्हणती, "पर परवा एक म्हातारं बघून गेलंय बाबा. पसंत पडलाय त्यास्नी. पंधरवडा संपला की इसार देतो म्हणालं." पितृपंधरवडा चाललावता. त्यात नवं काय कुणी धरत न्हाय, तुमी तर न्हाईच न्हाय. "भितीवर कायतरी लिवून बी गेल्यात बघ," मावशी म्हणाली.

मी खिडकीखाली गेलो. पेन्सिलनं बाण काढलेला, ह्या टोकापस्नं त्या टोकापातूर, आणि वर '१२ फूट'. दोनाची शेपूट लांब, पार भाइर गेल्याली. आसा दोन सगळ्या कोल्हापुरात एकच माणूस काढतो. म्हंजे तुमी नुसता गोठा बघितला न्हवतासा, बेंच कुटं बसणार ते बी ठरवलावता. मावशीनं इचारलं, "वळकीचं हाईत व्हय रं?"

मी म्हणलो, "न्हाय."

आणि खिशातनं इसार काढून तिच्या हातावर ठेवला. मावशीनं हात मागं घेतला. "आरं मुडद्या, पंधरवड्यात?" मी म्हणलो, "मावशी, माजं पितर उद्यमनगरातलं हाईत. त्यांस्नी सुट्टी नसती." ती खुदकन हसली आणि हात फुडं केला. मला आयुष्यभर लोकांस्नी हसवता आलं, आणि त्या दिवशी त्याचा आसा उपेग केला बघा. दुसऱ्या दिवशी बालदीभर चुना आणला आणि ती भिंत मी सोताच्या हातानं रंगवली. दोनदा मारला. शेपूट लवकर जाईना.

चुना मारायच्या आदी बारा फूट तेवढं ध्येनात ठेवलंतं. टेपनं मोजून बारा फुटाची फळी कापली, बेंच केला, चौघांनी उचलून भितीला लावला, तर एका अंगाला फट. दीड इंच. मला वाटलं भितच वाकडी हाय. खंडेनवमीला हत्यारं मांडली, झेंडू घाटला आणि तुमास्नी बोलवलं, कारण न बोलवावं तर गल्लीत इचारतील. तुमी नारळ घिऊन आलासा. सगळीकडं बघितलासा. खिडकी बघितलासा, भित बघितलासा. मग बेंचाच्या टोकाला गेलासा आणि त्या फटीत बोटं घाटलासा. मला अजून पत्त्या न्हाय, मी आपला पेढं वाटतूय. तुमी खिशातनं पट्टी काढलासा, फटीवर धरलासा.

"बारा सूत," तुमी म्हणालासा.

बारा फूट, बारा सूत. फुटामागं एक. तवा माजी टूब पेटली. तुमी ती भित तुमच्या त्या पट्टीनं मोजलीवती. त्या भितीवर बारा फूट फकस्त तुमच्या पट्टीनं येत्यात. म्हंजे माजा बेंच बारा फुटाचा झालाय त्यो तुमचं लिवलेलं वाचून, हे तुमास्नी समजलं, आणि तुमास्नी समजलंय हे मला समजलं. हातातलं पेढं तसंच.

"चुना झ्याक मारलाईस," तुमी म्हणालासा.

"व्हय."

"सोता मारलास?"

"व्हय, मिस्त्री."

"हं." तुमी पट्टी पुसलासा आणि माज्या हत्यारांच्या वळीत, रंध्याच्या शेजारी ठेवलासा. "ऱ्हाऊ दे. ह्या भितीला हीच लागती." पेढा घेतलासा, आर्धा मोडून मला दिलासा, आणि गेलासा.

तुमास्नी जागा मिळालीच न्हाय. तुमी कागलला दुसऱ्याच्या दुकानात रोजावर जाय लागलासा, साठीत. स्टँडवर एकदा गाठ पडली तर म्हणालासा, "एस्टी झ्याक हाय रं. दार हाय, खिडकी हाय, भाडं बी परवडतंय." मी नेमीसारखा हसलो. नुसता हसलो.

आता माजं ऐका. कागलच्या रस्त्याला एक जागा बघून आलोय. ल्हान हाय, पर खिडकी उत्तरंला. आणि बघा, पंधरवडाच चाललाय. मालक म्हणतोय इसार द्या, आजून एक पोरगं येऊन जातंय, तरणंताठं हाय, त्याला बी घाई हाय. आमच्या घरात सगळी म्हणत्यात, दे की, कोण बघतंय. मी सांगून आलोय, अमावास्या झाली की देतो. ग्येली तर ग्येली. मापं तेवढी तुमच्या पट्टीनं घेतल्यात आणि भितीवर पेन्सिलनं लिवून ठेवल्यात. त्या पोराला फट पडली तर माज्याकडं यील इचारायला.

ह्यो कागूद कुटं टाकायचा न्हाय. घडी करून बेंचाच्या टोकाला सोडतूय, त्या दीड इंचात. नऊ वर्सांत ती फट मी बुजवली न्हाय.

आणि एक ऱ्हायलं. फट बघून गल्लीत सगळी इचारायची, तू एवडा कारागीर, फळी कापायच्या आदी एकदा भितीला टेप लावून बघितला न्हाईस? मी सांगायचो, घाईत हुतो. ते खोटं हाय. घाई नव्हती, टेप खिशातच हुता. अक्षर तुमचं हुतं. परत मोजायचं मनात बी आलं न्हाय.