समई

अण्णा,

आज वर्गात उपमा आणि रूपक शिकवताना मला तुमचा इतका राग आला की तास अर्धवट टाकून मी स्टाफरूममध्ये येऊन बसले. मुलींना सांगत होते, 'आई समईसारखी आहे' ही उपमा. त्यातला 'सारखी' हा शब्द आईला थोडी जागा ठेवतो, ती समई नसूही शकते. 'आई समई आहे' म्हटलं की ती जागा गेली. आणि मग लक्षात आलं, उदाहरण तुमच्याच कवितेतलं तोंडात आलंय.

ती कविता तेव्हा नाशकात खूप गाजली. तुम्ही 'आई समई आहे' ही शेवटची ओळ म्हणायचात आणि बायका डोळ्यांना पदर लावायच्या. ती समई म्हणजे आमची आई, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक घरी येऊन तिच्या पाया पडायचे. ती ओशाळून म्हणायची, "अहो, तव्यावर पोळी आहे माझी."

मग तो रविवार. सिडकोतलं आपलं दोन खोल्यांचं घर, मी दहावीत. शेजारच्या काकू अंबडला एका कारखान्यात पॅकिंगला जायच्या, त्यांनी आईसाठी शब्द टाकला होता. बाहेर तुमचे कविमित्र बसलेले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणते, "मी काय म्हणते, उद्या काकूंबरोबर जाऊन बघू का? ते बोलवतायत." तुम्ही हसता. "समईच कारखान्यात जायला लागली, तर देवघरात उजेड कोण देणार?" मित्र म्हणतात, "वा, क्या बात है." आई आत जाऊन चहा टाकते.

तुम्ही तिला 'नाही' म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर ती भांडली असती, चांगली भांडायची ती. पण ज्या वाक्याला दाद मिळालीय त्याच्याशी भांडायचं कसं? संध्याकाळी मी तिला विचारलं, "तुला जायचं होतं ना?" भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "सगळे हात जोडून उभे आहेत गं समोर. हलू कशी?" ती गेली नाही. पुढे कधीच नाही.

तुमच्यानंतर कॉलेज रोडला तुमच्या आठवणींचा कार्यक्रम झाला. मनमाडहून एक बाई मुद्दाम आल्या होत्या. रेल्वेच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या पूर्वी. म्हणाल्या, "सासूबाई रोज म्हणायच्या, नोकरी सोड. मी ऐकत नव्हते. मग तुमच्या वडिलांची कविता ऐकली आणि आपणहून राजीनामा दिला." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मी विचारलं, "आता काय करता?" "आता काय, घरीच," त्या म्हणाल्या, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाल्या.

सासूला वर्षानुवर्षं जे जमलं नाही ते तुमच्या एका ओळीनं केलं. तुम्हाला याचा अभिमानच वाटला असता. कवीला बिचाऱ्याला काय कल्पना, असं लोक म्हणतात. तुम्हाला पुरती कल्पना होती, अण्णा. त्या रविवारी तुम्ही ती ओळ कविता म्हणून नाही, दाराची कडी म्हणून वापरलीत.

आई आता माझ्याकडेच असते. कुणी तुमचा विषय काढला की एवढंच म्हणते, "छान लिहायचे." ते ती कुठल्या सुरात म्हणते, मला अजून कळलेलं नाही. हे पत्र मी तिला वाचून दाखवणार नाही. ती तुमची बाजू घेईल, याची मला भीती वाटते.