मशिदीच्या दारावरचा फलक

करंगवुनी, मध्य जावा
७ फेब्रुवारी

चि. मुनावीर,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. यंदा मिरचीवर रोग पडला, बकरीला दोन पिल्लं झाली. तू जिल्हाप्रमुख झाल्यापासून तुझा फोन तुझा सचिवच उचलतो, म्हणून हे पत्र.

परवा तुझा माणूस आईच्या कबरीसाठी संगमरवराचे नमुने घेऊन आला होता. चाळिसाव्या दिवसाची दुआ मशिदीत, मोठा मांडव, मंत्रीही येणार म्हणे. मी नमुने परत पाठवले. राग आला असेल तर येऊ दे.

आई गेली तेव्हा तू पक्षाच्या लोकांबरोबर मक्केला होतास. परत आल्यावर विचारलंस, जनाज्याची नमाज कोणी पढवली? मी चहाचं निमित्त करून आत गेले. आज सांगते.

निवडणुकीआधी मशिदीच्या दारावर फलक तूच लावून घेतलास ना, की विरोधकांना मत देणाऱ्याच्या मयताची नमाज इथे होणार नाही? आणि विरोधक तरी कोण रे? आपल्याच गल्लीतले, पाच वेळा नमाज पढणारे. अल्ला काय तुझ्या पक्षाचा सभासद आहे?

मतदान झालं आणि आठवड्यात कोपऱ्यावरच्या तुमिनीबाई गेल्या. इमामसाहेबांनी नुसतं फलकाकडे बोट दाखवलं. आई तिथेच कडाडली, "मेलेल्या माणसाला मत विचारता? लाज नाही वाटत?" घरी येऊन मला बजावलं, की माझ्या वेळी विचारलं तर तोंड उघडायचं नाही. गाव धरूनच चाललं, की म्हातारीचं मत मुलाच्या विरोधात गेलं.

आईला कफन घातलं आणि इमामसाहेब ओट्यावर आले. हळूच म्हणाले, "मत द्यायला तुम्हीच त्यांना धरून नेलं होतंत. मुलालाच दिलं एवढं सांगा, लगेच पढवतो."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

मयत न्यायला मशिदीतला जनाजासुद्धा मिळाला नाही. शेजाऱ्यांनी बांबू तोडून बांधला. नमाज आपल्या अंगणात झाली, चिखलात. पढवली तुमिनीबाईंच्या नवऱ्याने, ज्याला तू भर सभेत काफर म्हणालास. रडत रडत पढवली बिचाऱ्याने.

मी एक शब्द बोलले असते तर आईला मशीद मिळाली असती. पण मग तुमिनीबाईंना नाकारली ते बरोबर, असंच झालं असतं की नाही? संताप संताप होतो माझा. मेलेल्या आईच्या उशाशी बसून मला हा विचार करायला लावलास तू.

मतदानाच्या वेळी मदतनीस म्हणून गुप्ततेच्या कागदावर सही केली होती मी. ती आज मोडते. आईने मतपत्रिका डोळ्यांशी नेली. मताचं भोक पाडायचा खिळा हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. मग पुटपुटली, "मूर्ख आहे, पण पोटचा आहे," आणि तुझ्याच फोटोवर टोचला.

संगमरवर नको. तो फलक दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने काढ आणि मगच तिच्या कबरीपाशी जा.

तुला मत न दिलेली,
तुझी ताई
सुहार्ती