कडेच्या झेंड्या

१४ मार्च, सकाळी आठ

प्रिय चष्मिश,

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला रस्त्याच्या भरावाची कड खचली, तुझ्या बाबांचा रोलर कुशीवर उलटला, आणि तिथून पुढे माझं काही पूर्वीसारखं राहिलं नाही. काकांच्या पायाची सूज उतरली का? आई जेवतात का?

काल दवाखान्यात तू म्हणालीस, "बाबांसाठी भांडलास, हे मी विसरणार नाही." सुपरवायझर बोलला होता, "म्हाताऱ्याला डुलकी लागली असेल." मी त्याची कॉलर धरली. चौघांनी सोडवलं. तेव्हापासून साइटवर जो तो माझी पाठ थोपटतोय. ती थाप सोसवेना, म्हणून लिहितोय.

कॉलेज अर्ध्यावर टाकून आलो तेव्हा मला इथे कुणी उभं करेना. माझ्या तापट डोक्यामुळे मला जमदग्नी म्हणत म्हणत काकांनीच रोलर शिकवला. "एवढ्या उंचावरून कड दिसत नाही, झेंडी दिसते. झेंडीच्या आत जमीन, बाहेर हवा. आणि यंत्र कललंच तर उडी मारायची नाही. पट्टा बांधून बसून राहायचं. उडी मारणारा यंत्राखाली जातो." ते बसून राहिले, म्हणून आहेत.

सोमवारी तू साडेपाचच्या बसने येणार होतीस. कडेचा पट्टा दाबायचा राहिला होता. तिथे जड रोलर नेत नाहीत, हातमशीनने ठोकतात. दीड तास जातो. काका निघताना म्हणाले, "काय नवरदेव, आज भारी घाई? हातमशीननेच कर हं."

"हो काका."

त्यांची पाठ वळली आणि मी झेंड्या उपटून दोन पावलं बाहेर रोवल्या, रोलर फिरवला. वीस मिनिटांत काम फत्ते. तू बसमधून उतरलीस तेव्हा मी आधीच उभा होतो. तू हसलीस. झेंड्या तिथेच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी काका त्याच झेंड्यांच्या भरवशावर गेले.

इथवर लिहून दोनदा उठलो. पुढचं याहून वाईट आहे.

सगळे त्यांना काढायला धावले. मीही धावलो, पण आधी उरलेल्या झेंड्या आत आणून रोवल्या. त्यांचा पाय दबलेला होता, ते ओरडत होते, आणि मी झेंड्या रोवत होतो. साहेबांनी फोटो काढले ते त्यानंतर. अहवालात आलं, चालकाने खुणेची रेषा ओलांडली. आज दहाला चौकशी आहे. तिथे हे कायम झालं की काकांचा परवाना गेला.

काल तू औषधं आणायला गेलीस तेव्हा ते मला म्हणाले, "झेंडीपर्यंतच गेलो होतो रे मी, असं वाटतंय. पण फोटो कसा खोटं बोलेल? माझी नजरच गेली असणार." बत्तीस वर्षं यंत्रावर बसलेला माणूस! मी मान खाली घालून त्यांना संत्रं सोलून देत बसलो.

आज सगळ्यांच्या आधी मी बोलणार आहे. सुपरवायझर दात काढेल. काढू दे, हात खिशातून बाहेर काढणार नाही. तिथून थेट दवाखान्यात येईन आणि काकांना स्वतः सांगेन. तू आधी सांगू नकोस, एवढंच मागणं. मला तोंड दाखवू नकोस म्हणालीस, तर तेही बरोबरच.

जाता जाता हे तुमच्या दाराखालून सरकवतो. मी म्हणजे धरसोड, तू ओळखतेसच. म्हणून खोलीची किल्ली मुद्दाम आत टेबलावर ठेवलीय. निघालो. दार ओढून घेतोय; ओढलं की कुलूप आपोआप लागतं, मग मागे फिरून आत शिरता येणार नाही.