शक्यतो येईन

प्रिय चोंबडे,

सतराव्या वर्षी या नावाने हाक मारलेली तुला खपत नाही, ठाऊक आहे मला. पण सगळ्यात नाक खुपसतेस म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव तू पर्यावरण विभागाच्या कचेरीत खरं करून दाखवलंस, तेव्हा आता तक्रार चालायची नाही. रोज फोनवर बोलतो आणि ही बाई पत्रं काय लिहितेय, असं म्हणत मावशीच्या घरभर फिरू नकोस. बस आणि वाच. कारण आहे, शेवटी सांगते.

काल दुपारी मी वॉर्डात इंजेक्शनचा ट्रे घेऊन उभी, आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. पोर परगावी म्हटल्यावर ट्रे तिथेच ठेवून उचलला. तर पलीकडे तुझ्या कचेरीतल्या मोठ्या बाई! तुम्हीच हिच्या आई का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी मोडून ठेवलंस. इंटर्नशिप सुरू झाली तेव्हा तुझं रडगाणं चालू होतं ना, की धोरण-बिरण काही शिकवत नाहीत, झेरॉक्स मशीनशेजारी बसवून नुसते कागद जुळवायला आणि पिना मारायला लावतात म्हणून? तेव्हा मीच म्हणाले होते, पिना मारता मारता कागद वाचत जा. माझं एवढं तू कधी ऐकत नाहीस, नेमकं हेच ऐकलंस.

तू वाचलास तो आपल्या कालव्याच्या नव्या नियमांचा मसुदा. बाईंनी ते वाक्य मला फोनवर वाचून दाखवलं. रंगाच्या कारखान्यांनी सांडपाणी शक्यतो शुद्ध करूनच कालव्यात सोडावे. किती साळसूद वाक्य! बैठकीत सगळे माना डोलावून पुढच्या कलमाकडे निघाले होते म्हणे, आणि कोपऱ्यातून तुझा हात वर. हे 'शक्यतो' इथे काय करतंय, असं विचारलंस. कारखान्यांचे वकील हसले, बाळ, तो नुसता सौजन्याचा शब्द आहे म्हणाले. त्यावर तू भरल्या बैठकीत तुझ्या जन्मदात्रीला पुढे केलंस. माझी आई नर्स आहे, ती 'शक्यतो येईन' म्हणते तेव्हा ती येत नाही. तिला यायचं असतं, तिचा काही दोष नसतो, पण त्या शब्दानंतर ती आलेली मी अजून पाहिलेली नाही. मग हे पाणी तरी शुद्ध होऊन कसं येईल? बाई म्हणाल्या, पुढच्या कलमाकडे निघालेले सगळे त्या वाक्यावर परत आले.

खरं सांगू? आधी मी खळखळून हसले. मग जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला. मला तुझी गॅदरिंगं आठवली. म्हणजे बाबांनी येऊन सांगितलेली. पुढच्या रांगेत जागा धरून शेजारच्या खुर्चीवर ते माझ्यासाठी पिशवी ठेवायचे, आणि तू स्टेजवरून आधी त्या पिशवीकडे बघायचीस. बदलीची नर्स यायची नाही, नाहीतर निघता निघता कुणाला तरी धाप लागायची. आजारी माणसाला टाकून मी निघाले असते तर तुलाही ते आवडलं नसतं, हे मला माहीत आहे. पण पिशवी जागची हलली नाही, हेही खरंच.

आणि आठवला आपला पूल. तुला शाळेतून घरी आणताना आपण तिथे थांबायचो आणि आज कालवा कुठल्या रंगाचा यावर पैज लावायचो. हिरवा, जांभळा, एकदा तर लालभडक. त्याला रोज कुणीतरी नवे कपडे घालतं, असं तुला वाटायचं. मग एकदा तू विचारलंस की आतले मासे कुठल्या रंगाचे असतात, आणि मला सांगावं लागलं की आत मासे नाहीत. त्यानंतर तू पैज लावली नाहीस. मला वाटलं, विसरलीस. तू कसली विसरतेस!

तर डबा खाल्ला आणि वॉर्डभर सांगत सुटले. ज्यांची ड्रेसिंग केली त्यांना सांगितलं, ज्यांची नव्हती करायची त्यांनाही सांगितलं. आमच्या मेट्रनबाई कुणाचं कौतुक करत नाहीत, त्यासुद्धा म्हणाल्या की पोरीने बरोबर जागी सुई टोचली. संध्याकाळी डॉक्टर एका आजोबांना घरी सोडताना सांगत होते, शक्यतो विडी ओढू नका. मी मागून म्हटलं, डॉक्टर, तो शब्द काढा, नाहीतर आजोबा फाटकातच पेटवतील. आजोबांनी हळूच खिशावर हात ठेवला. अभिमानाने माणूस फुगतो म्हणतात ना, तशी मी फुगलेय, आणि लपवायचा माझा अजिबात विचार नाही.

बाईंनी पुढचंही सांगितलं. त्या शब्दाचा निकाल गुरुवारी जनसुनावणीत लागणार, आणि तो का काढायचा हे सगळ्यांसमोर उभं राहून तुलाच मांडायचंय. वकील या वेळी तयारीने येतील. रात्री तू फोनवर म्हणालीस की भीती वाटते, मुद्द्यांचा कागद चारदा फाडून पुन्हा लिहिला. आणि मी तोंड उघडायच्या आत घाईघाईने म्हणालीस, राहू दे आई, तुझी ड्यूटी असेल. माझा तो शब्द ऐकायला लागू नये म्हणूनच म्हणालीस ना?

म्हणून हे पत्र. फोनवर तो सवयीने तोंडातून निसटतो. कागदावर निदान खोडता तरी येतो. खालच्या ओळीत शाईचा काळा ठिपका दिसतोय ना, तिथे तोच होता. सवय वाईट! मी आज रजेचा अर्ज दिलाय, मेट्रनबाईंनी सही केलीय आणि माझ्या जागी त्या स्वतः उभ्या राहणार आहेत. त्या शब्दाचं काय होईल ते मला माहीत नाही, वकील वकील असतात. पण गुरुवारी मी ● येतेय. बोलायला उभी राहिलीस की सवयीने बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर ती पिशवी शोधशील. तिथे ती नसेल. ती बाबांच्या मांडीवर असेल.

तुझीच,
नक्की येणारी आई