गच्चीवरची दोरी

गोराई, बोरिवली
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रेवतीस,
प्रेमाताईचे आशीर्वाद.

आपल्या दोन घरांत एक भिंत, आणि मी तुला पत्र लिहितेय. हसू आलं तर हस. समोर आले तर मी एक तर भांडेन नाहीतर रडेन, आणि दोन्ही तुझ्यासमोर करायची माझी तयारी नाही. सोलरच्या त्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मी परवाच बाहेर पडले, त्यामुळे तिथं लिहायचीही सोय राहिली नाही.

आमच्याकडे सगळं ठीक. साफसफाई उरकली, चकलीची भाजणी दळून आणली. यांचं बीपी आटोक्यात आहे. सुबोधचं जहाज कुठं पोचलं? दिवाळीत नवराच घरी नाही, तर तू फराळाचा घाट घालू नकोस, आमच्याकडून येईल. तू केकच्या ऑर्डरी सांभाळ. तुझा ओव्हन सकाळपासून चालू असतो, भिंतीला हात लावला तरी कळतं. त्याचं बिल बघून तू डोक्याला हात लावून बसलेली मी पाहिलीय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

या गल्लीत आम्ही आलो तेव्हा समोर नुसती खारफुटी होती. तेव्हापासून कुणाचं रेशनकार्ड अडो, कुणाच्या पोराची शाळेची ॲडमिशन अडो, लोक म्हणायचे, प्रेमाला विचारा. मला ते आवडायचं. तोंडानं मी कटकट करायचे, पण आवडायचं. आणि आता कोपऱ्यावरची सुंदराबाई माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पिताना म्हणते, "रेवती म्हणजे लक्ष्मी हां! माझ्यासारख्या विधवेच्या छपरावर वीज करून देतेय." मी तिला दुसरा चहा विचारला नाही.

केलंस मात्र झकास, हे कबूल. एकेकट्यानं छपरावर सोलरचे पॅनेल लावायचे म्हटले की खर्चानं छाती दडपायची. तू बँकेत खेटे घातलेस, सरकारी अनुदानाचं समजून घेतलंस, कंत्राटदाराला सहा घरांचं काम एकदम देते सांगून भाव उतरवून घेतलास. कर्जाचा हप्ता लाइटबिलापेक्षा कमी. सुंदराबाईलासुद्धा झेपेल असा. मला हे सुचलं नाही. सुचलं असतं तरी सहा घरांना एका जागी बसवणं मला जमलं असतं की नाही, कोण जाणे.

पण त्याहून जास्त खुपलं ते वेगळंच. रिटायर झाल्यापासून हे दिवसभर टीव्हीसमोर. जन्मभर वायरमनचं काम केलं, पण घरातली ट्यूब बदला म्हटलं की यांचे गुडघे दुखतात. तू एकदा आलीस, "अनंतदादा, तुमच्याशिवाय हे वायरिंगचं कोण बघणार," म्हणालीस, आणि यांचे गुडघे बरे झाले. इस्त्रीचा शर्ट घालून गच्चीवर जायला लागले. जेवताना तुझंच नाव. "तिका सगळा कळता गो," म्हणतात. एक दिवस मी कपडे काढायला वर गेले, तर तू भर उन्हात वहीत काहीतरी लिहितेयस आणि हे तुझ्या डोक्यावर छत्री धरून उभे. रेवती, आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. माझ्या डोक्यावर या माणसानं कधी छत्री धरलेली नाही. पावसातसुद्धा आपली स्वतःची घेऊन पुढे चालतात.

तुमच्यात काही वावगं आहे असं माझ्या मनात आलं नाही, तूही आणू नकोस. यांच्या तोंडावर जो उजेड दिसला तो मला आणता आला नाही, याची आग झाली. मी त्या रात्री त्यांना ताटात आमटी वाढली नाही, संपली म्हणून सांगितलं.

सोमवारी कंत्राटदाराचा तो विशाल छपरांच्या सर्व्हेला आला तेव्हा आमच्या गच्चीवर गोधड्या वाळत होत्या. दिवाळी तोंडावर आली की गोधड्या धुवाव्याच लागतात. त्यात काही विशेष नाही.

•

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. तूच. मी कागद उशीखाली सरकवला.

तू काय म्हणालीस ते तुला आठवत असेल, माझ्या तर डोक्यातून जात नाही. "प्रेमाताई, काळजी करू नका यार, तुमचं अडणार नाही. माझ्या छपराला सावली निघाली ना, उंच स्टँड लावावं लागणार. ते काय मला परवडत नाही. मागच्या गल्लीतल्या पद्मजाताई माझ्या जागी यायला तयार झाल्या. सहा घरं पुरी, भाव तोच." आणि हसलीस. आणि मी म्हटलं, "बरं झालं." दार लावून घेतलं आणि तिथंच उभी राहिले.

तुझ्या छपराला सावली नाही, रेवती.

आमची टाकी आणि तुमच्याकडच्या कठड्याचा लोखंडी अँगल, यांमध्ये ती दोरी मी सोमवारी सकाळी बांधली. एरवी तिथं दोरी नसते, हे तुलाही माहीत आहे, पण तू तेव्हा ऑर्डर पोचवायला गेली होतीस आणि हे सुंदराबाईबरोबर बँकेत. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या मी त्या दोरीवर टाकल्या. तुझं अर्धं छप्पर झाकोळलं. विशालनं सरळ मनानं विचारलं, "काकू, ही दोरी रोजची आहे का?" मी म्हटलं, "रोजची. बारा महिने आमचे कपडे इथंच वाळतात. पुढेही वाळणार." त्यानं नुसतं 'कायमची सावली' एवढंच लिहून घेतलं आणि तो गेला. संध्याकाळी हे यायच्या आत मी दोरी सोडली. तेव्हापासून हे विचारतायत, "रेवतीच्या छपरार सावली खयसून इली?" मी भाजी निवडत बसते.

मला वाटलं होतं तुझे एकदोन पॅनेल कमी होतील, जरा तोंड उतरेल, आणि लोकांना कळेल की रेवतीचंही अडतं. तू आख्खी बाहेर पडशील असं वाटलं नव्हतं. ज्या बाईला सगळ्यांत जास्त गरज तिनंच आपली जागा दुसरीला दिली, आणि वर मलाच काळजी करू नका म्हणून सांगायला आली.

तू गेल्यावर मी विशालला फोन लावला. दोरी रोजची नाही, मी खोटं बोलले, असं स्पष्ट सांगितलं. त्यानं तेच परत एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "काकू, मंगळवारी परत येतो. स्टँड नाही लागणार, भाव तोच." पद्मजाताईंकडे मी स्वतः जाऊन आले. त्या सातव्या म्हणून राहतायत, कंत्राटदार सातही घरं घ्यायला तयार आहे. तुझी जागा तुझीच आहे. मंगळवारी सकाळी घरी थांब, ऑर्डर असली तर मी पोचवून येईन.

यांना अजून सांगितलेलं नाही. हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवलं की सांगणार. काय बोलतील त्याची भीती आहे. त्याहून, काहीच बोलले नाहीत तर, याची जास्त आहे.

एक मागणं आहे. हे वाचून लगेच "जाऊ दे हो प्रेमाताई" म्हणत येऊ नकोस. तू माफ करशील हे मला ठाऊक आहे, तुझा स्वभावच तसा मेला. पण लगेच माफ केलंस तर परत तूच माझ्याहून मोठी ठरशील, आणि ते आज मला सोसणार नाही. आधी भांड माझ्याशी. चांगली कचकचून भांड, सुंदराबाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मी उलट बोलणार नाही.

खोटं सांगितलं ते मी फोन करून मागे घेतलं. बाकीचं मागे घेता येत नाही, म्हणून खरी सही करते.

तुझ्यावर आजही जळणारी,
प्रेमा