उतरंडीमागची जागा

एरंडोल,
वैशाख, १९३९

प्रिय प्रमिला,

तुझं पत्र पोचलं. शाळेत मुली तुला 'बाई' म्हणतात, हे वाचून मी चुलीपुढे एकटीच हसले. त्या दिवशी घरात नेमकं काय झालं, असं विचारलंयस. तू आत अंधारात होतीस, तुला कसं कळणार? सांगते.

आपल्या स्वयंपाकघरात उतरंडीमागे एक फळी होती आणि फळीमागे दोन भिंतींमधली माणूसभर जागा. कधीकाळी दरोड्यांच्या धास्तीने बांधलेली. सासूबाईंनी जाण्याआधी ती मला एकटीला दाखवली. चुलीकडे पुरुष फिरकत नसत, त्यामुळे तुझ्या नानांनाही तिचा पत्ता नव्हता. सासूबाईंना वाटलं, मी तिथे दागिने ठेवीन. मी तुला ठेवलं.

बारा वर्षांची तू, आणि बोदवडचा तो चाळिशीचा बिजवर. हळद लागली होती, वाजंत्री दारात होते. तू दिसेनाशी झालीस तशी लोकांनी कडब्याच्या गंजी उसकटल्या, नाना विहिरीकडे धावले. कुणी विहिरीत गळ टाकायला निघालं, तेव्हा मात्र मी मांडवात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "पोर मीच दपाडेल शे. कोठे, ते सांगस नही." नानांनी सगळ्यांदेखत हात उगारला. मी मान खाली घातली नाही. मुहूर्त टळला, वऱ्हाड शिव्या देत परत गेलं, आणि मगच मी फळी काढली. घामाने अंगावरची हळद ओघळत होती तुझ्या, पण रडत नव्हतीस. दुसऱ्या दिवशी मामा तुला धुळ्याला घेऊन गेला. नानांनी त्या जागेत विटा भरल्या आणि वरून लिंपून घेतलं. माझ्याशी ते अजून कामापुरतंच बोलतात. नाही तर नाही.

आता पत्र लिहायचं कारण. तुझ्या हिलालकाकांनी त्यांच्या मंजुळाचं लग्न ठरवलंय. ती तेरा वर्षांची, आणि नवरदेवाला तिच्याएवढी मुलगी आहे. काल तुझी काकू माझ्यापाशी येऊन बसली. तिने मंजुळाच्या कपड्यांचं गाठोडं तेवढं माझ्यापुढे सरकवलं. भिंतीत आता जागा नाही, आणि असती तरी या पोरीला मी लपवलं नसतं. सोमवारी, भर बाजाराच्या वेळी, नाना आणि हिलालकाका ओट्यावर बसलेले असताना, त्यांच्या समोरून तिचा हात धरून निघणार आहे. ज्याला अडवायचं त्याने अडवावं. तू धुळ्याच्या मोटारस्टँडवर ये. तिचं नाव तुझ्या शाळेत घाल. आणि माझंही अंथरूण टाकून ठेव.

तुझीच,
आई